कुक्कुटखाद्यातील प्रतिजैविके आणि वनौषधी : पर्याय की पुनरावृत्ती?

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील आपल्या औषधालयांच्या दारी अलीकडे एक नवा ग्राहक येऊ लागला आहे. तो स्वतः रुग्ण नसतो आणि त्याच्या हाती औषधपत्रही नसते. तो कुक्कुटपालक असतो. "भाऊ, कोंबड्यायच्या खाद्यात टाकाले आयुर्वेदिक काही हाय काय? ते इंग्रजी औषध बंद कराव म्हणतो," असे तो सरळ विचारतो. काही व्यावसायिक त्याला हळद, ओवा, पिंपळी यांचे चूर्ण बांधून देतात. काही जण तयार 'हर्बल' पावडरीचा पुडा पुढे करतात, तर काही जण हा आपला विषय नव्हे म्हणून त्याला परत पाठवतात. आमच्या मते या तिन्ही उत्तरांत काहीतरी राहून जाते. जे राहून जाते त्याचा विचार व्हावा, या हेतूने हा लेख सभासदांपुढे ठेवीत आहोत.

प्रतिजैविके खाद्यात आली कशी?

रोगी प्राण्यास औषध देणे ही एक गोष्ट आणि निरोगी प्राण्यास रोज औषध खाऊ घालणे ही दुसरी. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले की, क्लोरटेट्रासायक्लिन तयार करताना उरणारा चोथा पिल्लांना खाऊ घातल्यास त्यांची वाढ जलद होते. तेव्हापासून अत्यल्प मात्रेतील प्रतिजैविके वाढीसाठी खाद्यात मिसळण्याची प्रथा जगभर पसरली. अल्प मात्रेमुळे सर्व जंतू मरत नाहीत. दुर्बळ तेवढे मरतात, सबळ टिकतात व वाढतात. त्यांच्यातील प्रतिकाराचे जनुक एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही जाऊ शकते. मग ते विष्ठा, पाणी, मांस आणि हाताळणारे हात या मार्गांनी माणसापर्यंत पोहोचते.

ही भीती काल्पनिक नाही. कोलिस्टिन हे प्रतिजैविक अतिदक्षता विभागात इतर सर्व उपाय थकल्यावर वापरले जाते. याच औषधाला दाद न देणारे आणि जंतूंमध्ये सहज संक्रमित होणारे जनुक चीनमध्ये डुकरे, मांस व रुग्ण अशा तिन्ही ठिकाणी सापडल्याचे २०१५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. आपल्याकडे हे औषध कुक्कुटखाद्यात सर्रास वापरले जात होते. १९ जुलै २०१९ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अन्नोपयोगी प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यपालन व पशुखाद्य यांसाठी त्यावर बंदी घातली. त्याआधी २०१४ मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने दिल्ली परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले होते. त्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मिळाले. २०२५ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या औषधांवरही अन्नोपयोगी प्राण्यांसाठी बंदी आली.

मूत्रमार्गाच्या दाहाने पीडित एखादी माता सर्व औषधांना 'प्रतिरोध' दाखवणारा तपासणी-अहवाल घेऊन आपल्या चिकित्सालयात येते. तिच्या रोगाचा उगम कोंबडीच्या शेडमध्येच आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. पण तिच्यापुढील औषधे ज्या अनेक वाटांनी निकामी होत गेली, त्यांपैकी एक वाट तेथून येते हे निश्चित.

युरोपाचा अनुभव

स्वीडनने वाढीसाठीची प्रतिजैविके १९८६ मध्येच बंद केली. डेन्मार्कने १९९५ मध्ये अॅव्होपार्सिनवर बंदी घातली. तेथील कोंबड्यांच्या आतड्यांतील एका जंतूमध्ये या औषधाला असलेला प्रतिकार १९९५ मध्ये सुमारे ७३ टक्के होता, तो २००० पर्यंत सुमारे ६ टक्क्यांवर आला. मांसल कोंबड्यांच्या खाद्यातील सर्व वाढवर्धक प्रतिजैविके डेन्मार्कमध्ये १९९८ पासून थांबली. मरतुक लक्षणीय वाढली नाही आणि खाद्याच्या खपात अगदी थोडाच फरक पडला. पुढे १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघात ही बंदी लागू झाली. अमेरिकेने मानवी वैद्यकात महत्त्वाच्या असलेल्या प्रतिजैविकांचा वाढीसाठीचा वापर २०१७ मध्ये बंद केला.

मात्र सर्वत्र हे सुरळीत झाले नाही. काही देशांत बंदीनंतर कोंबड्यांच्या आतड्यांचा जंतुजन्य दाह वाढला. जेथे शेडची स्वच्छता, हवा, पिल्लांची दाटी आणि लसीकरण यांकडे लक्ष दिले गेले, तेथे प्रतिजैविकांची उणीव फारशी भासली नाही. हा मुद्दा आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो, कारण खाद्यातील प्रतिजैविक पुष्कळदा व्यवस्थेतील दोषावर टाकलेले पांघरूण असते. ते काढून त्या जागी वनौषधीचे पांघरूण घातले, तरी खालचा दोष तसाच राहतो.

वनौषधी काय करू शकतात?

या क्षेत्रात आपल्या द्रव्यांना स्थान नाही असे मुळीच नाही. ओव्यातील थायमॉल, लसणीतील अॅलिसिन, हळदीतील कर्क्युमिन, पिंपळीतील पायपरिन यांवर जगभर कुक्कुटशास्त्राच्या अंगाने संशोधन झाले आहे. पाचक स्रावांना चालना, आतड्यांतील घातक जंतूंना काही अंशी आळा आणि आतड्याच्या अंतस्त्वचेचे रक्षण असे त्यांचे परिणाम सांगितले जातात. आपल्या भाषेत हे दीपन, पाचन व कृमिघ्न कर्म होय. वऱ्हाडातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा कोंबड्या धापा टाकू लागतात. कोंबडी 'क' जीवनसत्त्व एरवी स्वतः तयार करते, पण अशा तापात ते तिला अपुरे पडते. तेथे आवळ्यासारख्या द्रव्याचा विचार युक्तियुक्त ठरतो.

परंतु मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. प्रयोगांतील निष्कर्ष एकसारखे नाहीत. कोठे वाढ दिसते, कोठे काहीच फरक दिसत नाही. स्वच्छ प्रायोगिक शेडमध्ये बहुधा फरक कमी दिसतो. मानमोडी (राणीखेत) आणि बर्ड फ्लू हे विषाणुजन्य रोग आहेत. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूमुळे कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, तेव्हा प्रतिजैविकही निरुपयोगी होते आणि चूर्णही. मानमोडीवर लसीकरण हाच उपाय आहे. त्याऐवजी काढा पुरेसा आहे असे सांगणारा वैद्य पालकाची संपूर्ण बॅच पणाला लावतो.

रसविमानाची कसोटी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्याच अध्यायात पिंपळी, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अतिप्रमाणात व सतत सेवन करू नयेत असा स्पष्ट इशारा आहे. पिंपळी गुणकारी आहे, तरीही आहाराप्रमाणे रोज खाण्याची ती वस्तू नव्हे, हे आचार्यांनी औषध व आहार यांतील भेद दाखवण्यासाठीच सांगितले असावे. कोंबडीच्या खाद्यात पहिल्या दिवसापासून अखेरच्या दिवसापर्यंत तेच द्रव्य मिसळणे म्हणजे औषधाचा आहार करणे. प्रतिजैविकांच्या बाबतीत जगाने जी चूक केली, तीच आपण वनस्पतीच्या नावाने पुन्हा करणार का, हा आमचा प्रश्न आहे.

याच अध्यायात आहारविधीची आठ आयतने दिली आहेत. ती माणसासाठी सांगितलेली असली, तरी कुक्कुटखाद्यातील कोणत्याही मिश्रकास लावण्याजोगी आहेत, असे आम्हांस वाटते.

प्रकृती : द्रव्याचे स्वरूप. निंबपत्र कृमिघ्न खरे, पण कडू असल्याने मात्रा वाढताच पक्षी खाद्य कमी खातो. हरडा किंवा बाभळीच्या शेंगांसारखी कषाय द्रव्ये प्रथिनांचे पचन मंदावतात. जलद वाढणाऱ्या पिल्लास हा तोटाच होय.

करण : संस्कार. ओव्याचे सुगंधी तैल उडून जाणारे असते. गोळी-खाद्य तयार करताना वाफेच्या उष्णतेने त्याचा मोठा अंश नष्ट होऊ शकतो. चूर्ण खाद्यात केव्हा मिसळले, यावर गुण अवलंबून राहतो.

संयोग : याविषयी सर्वाधिक सावधगिरी हवी. पिंपळीतील पायपरिन इतर औषधांचे शोषण वाढवते. जम्मू येथील केंद्रीय वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेच्या कार्यावर आधारित क्षयरोगाचे औषध २००९ मध्ये बाजारात आले. त्यात पायपरिनच्या योगाने रिफाम्पिसिनची मात्रा ४५० मिलिग्रॅमवरून २०० मिलिग्रॅमवर आणली होती. मानवी चिकित्सेत हा गुण आहे. पण ज्या खाद्यात पिंपळीही आहे आणि प्रतिजैविकही आहे, तेथे औषध बंद केल्यानंतर विक्रीपूर्वी किती दिवस थांबावे याविषयी वेष्टनावर छापलेला हिशेब जसाच्या तसा ग्राह्य धरता येणार नाही. पिंपळी देण्यापूर्वी 'खाद्यात अगोदरपासून काय आहे?' हे पालकास विचारलेच पाहिजे.

राशी : मात्रा. याचा हिशेब पुढे स्वतंत्रपणे मांडला आहे.

देश : अंजनगाव सुर्जी व अकोट परिसरातील पानमळ्यांत पिकणारी पानपिंपरी आपल्या दाराशी आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. द्रव्य कोठून आले व त्याची ओळख कोणी पटवली, हे सांगता येईल अशी सोय जिल्ह्यातच असताना मुंबई-दिल्लीच्या बाजारातील निनावी पोत्यावर विसंबून राहू नये.

काल : पिल्लाच्या आतड्यांतील जंतुसमूह पहिल्या आठवड्यात स्थिरावू लागतो. फिनलंडच्या नुर्मी व रांतला यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, प्रौढ कोंबडीच्या आतड्यांतील हितकर जंतू नवजात पिल्लांना दिल्यास साल्मोनेलापासून त्यांचे रक्षण होते. म्हणजे या काळात जंतू मारण्यापेक्षा चांगले जंतू वसवणे अधिक महत्त्वाचे. तीव्र जंतुघ्न द्रव्ये पहिल्याच दिवसापासून देऊ नयेत. तसेच पाण्यातून जिवंत लस द्यावयाच्या दिवशी त्या पाण्यात काढा किंवा अर्क कदापि मिसळू नये. लस निष्प्रभ होण्याचा धोका असतो.

उपयोगसंस्था : वापराचे नियम. लेखी नोंद, बॅच क्रमांक, सुरू केल्याची व बंद केल्याची तारीख यांशिवाय कोणतेही मिश्रक देऊ नये.

उपयोक्ता : सेवन करणारा. कोंबडीचे शरीरतापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. अन्न तिच्या आतड्यांतून काही तासांतच पुढे सरकते. तिखटाची जाणीव तिला जवळजवळ नसते. माणसाची मात्रा वजनाने भागून कोंबडीस लावता येत नाही. आणि येथे दुसरा उपयोक्ताही आहे, तो म्हणजे ते अंडे वा मांस खाणारा माणूस. लसूण अधिक दिल्यास अंड्यास वास येतो, हे त्याचे साधे उदाहरण.

मात्रेचा व पैशाचा हिशेब

समजा, १००० मांसल पक्ष्यांची बॅच आहे. प्रत्येक पक्षी २ किलो वजनाचा होईपर्यंत साडेतीन किलो खाद्य खातो. एकूण खाद्य ३५०० किलो झाले. त्यात अर्धा टक्का चूर्ण मिसळावयाचे तर साडेसतरा किलो चूर्ण लागेल. या चूर्णामुळे दर पक्ष्यामागे १०० ग्रॅम खाद्य वाचले असे धरले, तर १०० किलो खाद्य वाचते. खाद्याचा दर किलोस ४० रुपये धरल्यास ही बचत ४००० रुपये होते. म्हणजे चूर्ण किलोस सुमारे २२८ रुपयांपेक्षा महाग पडले, तर पालकाच्या पदरी तोटाच पडेल. शिवाय १०० ग्रॅमची बचत दरवेळी होईलच असे नाही.

हे गणित आम्ही पालकाचा उत्साह मोडण्यासाठी मांडलेले नाही. खोट्या आशेवर विकलेला एक पुडा आपल्या शास्त्राचा दहा वर्षांचा विश्वास घालवतो. आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मांसल कोंबड्यांचे अनेक पालक कराराने काम करतात. पिल्ले, खाद्य व औषधे कंपनी पुरवते आणि पालकास वजनावर मोबदला मिळतो. खाद्यात काय आहे हे त्यालाच ठाऊक नसते व ते बदलण्याचा अधिकारही त्याला नसतो. आपला सल्ला प्रत्यक्षात उपयोगी पडेल तो स्वतंत्र पालकास, अंड्यांच्या कोंबड्या बाळगणाऱ्यास आणि गावरान कोंबड्यांचे खुराडे सांभाळणाऱ्या घरास.

औषधी व्यावसायिकांसाठी

औषध व प्रसाधन अधिनियम १९४० मधील आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येत मनुष्यांबरोबर प्राण्यांचाही उल्लेख आहे. म्हणून रोग बरा करण्याचा किंवा टाळण्याचा दावा करून प्राण्यांसाठी आयुर्वेदिक औषध तयार करणाऱ्यास परवाना घ्यावा लागतो व उत्तम निर्मितीपद्धतीचे नियम लागू होतात. केवळ 'खाद्यपूरक' असे छापून रोगनाशाचा दावा करणे म्हणजे कायद्याला बगल देणे होय. याच कायद्यात अपमिश्रित व बनावट आयुर्वेदिक औषधांविषयी स्वतंत्र कलमे आहेत. 'हर्बल' पावडरीत प्रतिजैविक मिसळून चमत्कार दाखवण्याचा मोह कोणास झाला, तर तो केवळ कायद्याचा भंग ठरत नाही. ज्या कारणासाठी पालक आपल्याकडे आला, त्याच कारणाचा तो विश्वासघात ठरतो. संशय आल्यास नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. केवळ विक्रेत्याच्या शब्दावर पुडा फळीवर ठेवू नये.

काढे व आसवे तयार झाल्यावर उरणारा चोथा कोंबड्यांसाठी स्वस्तात देण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ओलसर चोथ्यावर बुरशी चढते आणि बुरशीतील विषास पक्षी अत्यंत संवेदनशील असतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशीयुक्त शेंगदाणा-पेंडीमुळे सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. पावसाळ्यात साठवलेली हळद, मका आणि शेंगदाणा-पेंड यांनाही हाच धोका आहे. न वाळवलेला, न तपासलेला चोथा खाद्यात जाऊ देऊ नये. निकृष्ट हळदीत रंग उठवण्यासाठी शिसेयुक्त रंग मिसळला जातो, हेही विसरू नये.

वैद्यांसाठी

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ नुसार प्राण्यांची चिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्यकाचा अधिकार आहे. आजारी बॅचवर आपण परस्पर उपचार सुचवू नयेत. मरतुक अचानक वाढली, विष्ठेत रक्त दिसले, माना वाकड्या झाल्या किंवा अंड्यांचे प्रमाण एकदम घसरले, तर पालकास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे पाठवावे. रक्ती हगवणीवर घरगुती चूर्ण देत चार दिवस घालवणे म्हणजे निम्मी बॅच गमावणे. आजारी पक्ष्यास पशुवैद्यकाने दिलेले प्रतिजैविक पूर्ण मात्रेत व पूर्ण दिवस द्यावे, असेच आपणही सांगावे. आपला विरोध निरोगी पक्ष्यास रोज दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाला आहे, चिकित्सेला नाही.

सहकार्याने काय साधते याचे उदाहरण दुग्धव्यवसायात आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गाईंच्या कासदाहासाठी कोरफड, हळद व चुना यांच्या लेपाचा पारंपरिक उपाय निश्चित मात्रेसह पशुपालकांपर्यंत नेला. एका दिवसासाठी कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व चुना १५ ग्रॅम असे त्याचे प्रमाण आहे. ठरलेला रोग, ठरलेले द्रव्य, ठरलेली मात्रा आणि ठरलेले दिवस हे त्यातील मर्म होय. कुक्कुटपालनातही याच मार्गाने जावे लागेल. अकोल्यास महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. द्रव्यपरीक्षा आपण करावी व पक्ष्यांवरील परीक्षा त्यांनी करावी, अशी श्रमविभागणी वऱ्हाडात शक्य आहे.

आमची सूचना

दारी आलेल्या पालकास आपण चार प्रश्न विचारावेत. खाद्यात सध्या कोणती औषधे आहेत? लसीकरण वेळेवर झाले आहे काय? शेडमधील तूस कोरडे आहे काय, आणि आत गेल्यावर अमोनियाने डोळे चुरचुरतात काय? चौरस फुटाच्या हिशेबाने पक्षी अधिक झालेले नाहीत ना? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर आधी ती दुरुस्त करण्यास सांगावे. ती समाधानकारक असतील, तर एकच द्रव्य, ठरावीक दिवस, निम्म्या शेडमध्ये द्यावे व उरलेल्या निम्म्या शेडशी वजन, खाद्य आणि मरतुक यांची तुलना करावी. नोंदवही पालकाने ठेवावी व तिची प्रत आपण ठेवावी. अशा नोंदी सभासदांनी संघटनेकडे पाठवल्यास, त्यांतील यश व अपयश दोन्ही या अंकांतून प्रसिद्ध करण्यास आम्ही बांधील राहू.

खाद्यातून प्रतिजैविके गेलीच पाहिजेत, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु त्यांची रिकामी झालेली जागा भरण्याची घाई आपण करू नये. प्रथम तेथे स्वच्छ पाणी, कोरडे तूस, मोकळी हवा आणि वेळेवरची लस यांना बसवावे. त्यानंतर जे उरेल, तेथे आपल्या द्रव्यांना मात्रा, काल आणि संयोग यांचा विचार करून स्थान द्यावे. औषधास आहार न बनवता औषधच राहू देणे, हाच या प्रश्नावरील आयुर्वेदाचा सल्ला आहे, असे आम्हांस वाटते.